नऊ बोटं आणि थोडं

८ नोव्हेंबर

ठकू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही.

तू लिहिलंस की तुझ्या नव्या ऑफिसात ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून वह्या येतात. थंडीत बोटं पांढरी पडणाऱ्या लोकांच्या. त्या तू कॉम्प्युटरात उतरवतेस आणि त्यावरून औषधाला गुण आहे की नाही ते ठरणार. ते वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी मी आमच्या दवाखान्यात नाव नोंदवून आले. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस आणि मला दोन वेळा भांडावं लागलं असतं.

माझी बोटं चार हिवाळे पांढरी पडतायत, हे तुला ठाऊक आहे. आधी पांढरी, मग निळी, मग लाल होऊन अशी ठणकतात की सुई कुठे आणि बोट कुठे ते कळत नाही. काज करणाऱ्या बाईला हे परवडत नाही. पण माझं राहू दे. माझ्या जावेचं, आपल्या धाकटीचं बोट पाहवत नाही. मटाराच्या पिशव्या भरायच्या त्या कोल्ड स्टोरेजात सोळा वर्षं काढली तिने. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकाला जखम झाली आहे, ती वसुलीवाल्यासारखी हटूनच बसली आहे. कडा काळी पडायला लागली. कापाकापीवाले डॉक्टर म्हणाले, थंडी संपेपर्यंत बघू, नाही सुकलं तर वरचं पेर काढून टाकू. असं म्हणाले जसं काही शर्टाचं बटण.

म्हणून मी तिलाही बरोबर नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि म्हणाल्या, "यांचा रक्तदाब कमी आहे. हे औषध दाब आणखी उतरवतं, चक्कर येऊन पडतील. यांना देता येणार नाही."

मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं माझ्याबरोबर एका खोलीत राहून हिचा दाब वाढला नाही. तिचं कौतुक करायचं सोडून तुम्ही तिला घालवताय?"

हसल्या, पण घेतलं नाही. म्हणजे जिची बोटं नुसती पांढरी होतात तिला औषध, आणि जिचं बोट चाललंय तिला वाटेला लावलं. हा कुठला हिशेब?

मला एक बाटली दिली आणि एक वही. वहीत रोज एक पान, पानावर दोन पंजे छापलेले, खाली वेळ आणि जागा लिहायची. बोट पांढरं पडलं तर त्यावर पेन्सिलीने रेघा, निळं पडलं तर पूर्ण काळं. वही देणारी मुलगी म्हणाली, "आजी, दहाही बोटांकडे लक्ष ठेवा." मी डावा हात तिच्यापुढे धरला. म्हटलं, "नऊ आणि थोडं." डाव्या करंगळीचं वरचं पेर दारात चेंगरून गेलं ते तू तीन वर्षांची होतीस तेव्हाच. तिने जीभ चावली.

माझी वही तुझ्या हाती आली तर ओळख दाखवू नकोस. आणि उत्तर पत्रानेच दे. फोन मास्तरांच्या दुकानात आहे आणि शिंप्याच्या दुकानात भिंतींनासुद्धा मोजपट्टी असते.

आजी

१७ नोव्हेंबर

आजी,

तू नाव नोंदवलंस हे वाचून मी अर्धा तास नुसती फेऱ्या मारत होते. वह्यांवर नावं नसतात, फक्त आकडे असतात. कुणाची वही कोणती हे मला कळायलाच नको असं ठरलेलं आहे. आता तुझी वही हाताखालून गेली तर मी काय करायचं? डोळे मिटून टाइप करू?

एक गोष्ट तुला सांगितली असेलच, तरी सांगते. तुला दोन बाटल्या मिळतील, सहा आठवडे एक, मग दुसरी. एकीत औषध असतं, दुसरीत नुसती पिठाची गोळी. आधी कोणती आली ते तुलाही ठाऊक नसतं, डॉक्टरीणबाईंनाही नाही. म्हणून तू पाहिलं तेवढंच रंगवायचं. औषध चांगलं दिसावं म्हणून कमी नाही, वाईट दिसावं म्हणून जास्त नाही. इथे शेदीडशे माणसांच्या वह्या एकत्र होऊन उत्तर निघणार आहे. त्यातल्या पाच जरी वाकड्या निघाल्या तरी उत्तर हलतं.

धाकट्या आजीचं वाचून वाईट वाटलं. पण डॉक्टरीणबाई बरोबर आहेत, तिला हे औषध चालायचं नाही. तिला कोल्ड स्टोरेजातून बाहेर काढ. तिथे मटार गार राहिले पाहिजेत, माणसं नाही.

तुझी बोटं कशी आहेत ते लिही. औषधाने फरक वाटतो का?

ठकू

२९ नोव्हेंबर

ठकू,

पीठ असो की औषध, मी जे दिसलं तेच रंगवलं आहे. चौथीपर्यंत शिकले, पण खोटं लिहायला नाही शिकले. रोज संध्याकाळी दिव्याखाली बसते, बोट बोट पाहते आणि मगच पेन्सिल टेकवते. वही देणारी मुलगी म्हणाली, इतकी स्वच्छ वही कुणाचीच नाही.

गुण विचारशील तर बाटली पिठाची नाही, हे मी तुला लिहून देते. पहिले आठ दिवस रेघाच रेघा. मग कमी होत गेल्या. परवा तर सगळा पंजा कोरा राहिला.

इथे थंडी वाढली आहे. रस्त्यावर माणसं बगलेत हात घालून चालतात. मला काही सुधरत नाही. घरात बसले की दार वाजल्यासारखं वाटतं, दुकानात बसले की घरी काहीतरी राहिलंय असं वाटतं. मास्तरांनी काजं मशीनवर द्यायला सुरुवात केली. मशीनचं काज म्हणजे उंदराने कुरतडलेलं भोक, पण गिऱ्हाईक काही बोलत नाही. मी सध्या दुकानात नुसती बटणं निवडते.

धाकटीच्या जखमेला कड धरली आहे. काळं होतं ते मागे हटतंय. कोल्ड स्टोरेज मात्र सोडत नाही, म्हणते, बसून काय तुझं तोंड बघू? हल्ली अंथरुणातून उठताना भिंतीला हात लावून मिनिटभर उभी राहते. मी म्हटलं, "भिंत पडेल म्हणून धरतेस का?" तर म्हणाली, "हो, तू टेकून बसून बसून ढिली केली आहेस."

तू जेवतेस की नाही?

आजी

९ डिसेंबर

आजी,

तुझ्या वहीची पहिल्या तीन आठवड्यांची पानं आली, अक्षरावरून ओळखली. क्रमांक एकेचाळीस. ओळख दाखवायची नाही म्हणून मी पहिली दहा पानं मान खाली घालून उतरवली. अकराव्या पानावर थांबले.

त्या पानावर डाव्या करंगळीचं टोक रेघांनी भरलेलं आहे. तेराव्या पानावरही आहे. सतराव्यावर ते पूर्ण काळं आहे.

आजी, ते टोक तुला नाही.

मी सगळी पानं पुन्हा पाहिली. सगळ्यात जास्त रंगलंय ते उजव्या हाताचं पहिलं बोट. वेळ रोज सकाळी आठ ते अकरा, जागा "कामावर". तुझं दुकान दहाला उघडतं. या वहीतली बोटं धाकट्या आजीची आहेत. म्हणजे गोळ्या तिच्या पोटात जातायत. आणि मागच्या पत्रातली ती भिंत मी गंमत म्हणून वाचली होती.

तिच्या गोळ्या आजपासून बंद कर. उद्यापासून नाही, आजपासून. तिचा दाब मुळात कमी आहे. ती जिन्यावर पडली, रस्त्यात पडली, तिथल्या लोखंडी मांडणीवर पडली तर?

दुपारी मी दुकानात फोन केला. मास्तर म्हणाले, आजी दोन दिवस आल्या नाहीत. का नाही आलीस? मी विचारलं, काजं मशीनवर का द्यायला लागलात? ते म्हणाले, "त्यांना सुई धरता येईना." हे तू लिहिलं नाहीस. तुझं अक्षरही मोठं झालंय, एका ओळीत चार शब्द मावतात, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दवाखान्यात जाऊन सगळं सांग. मी आमच्या ऑफिसच्या मोठ्या मॅडमना सांगण्याआधी तू सांगितलंस तर बरं दिसेल. मला सांगावं लागणारच आहे.

ठकू

१० डिसेंबर

ठकू,

थोडक्यात लिहिते. परवा सकाळी धाकटी कामावर पडली. टोपल्यांच्या चळतीजवळ उभी होती, वाकली, वर आली आणि पुन्हा खाली गेली. कपाळाला चार टाके. शुद्धीवर आहे, मला नावं ठेवण्याइतकी. अपघाताच्या वॉर्डात ठेवलं आहे, आपल्या वहीवाल्या इमारतीच्या मागे.

इथले डॉक्टर सारखे विचारतायत, कुठलं औषध चालू होतं? धाकटी म्हणते, कुठलंच नाही. मीही मान हलवली. गोळी मात्र इथेही गुपचूप देते. सांगितलं तर वही जाईल, बाटली जाईल, आणि बोट जाईल. जखम आता सुकत आलीय, ठकू. बाटलीतले उरलेले दहा दिवस मिळाले तर पेर वाचेल.

पण काल तिचा दाब घेताना नर्सने पट्टा दोनदा फुगवला. पहिल्यांदा तिला वाटलं मशीन बिघडलं.

गोळीने माणूस असा पडतो का? मला फक्त एवढं सांग. बाकी काही विचारू नकोस.

आजी

१३ डिसेंबर

आजी,

पडतो. अशाच गोळीने पडतो.

तुझं पत्र आज सकाळी साडेनऊला मिळालं. दहाला मी मोठ्या मॅडमच्या खोलीत होते. एकेचाळीस क्रमांकाची वही माझ्या आजीची आहे, बोटं तिच्या जावेची आहेत, आणि जाऊ वॉर्डात आहे, हे सगळं उभ्यानेच सांगितलं. त्यांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तुझ्या आधी मी सांगितलं. चिडायचं असेल तर चीड, पण धाकटी आजी घरी आल्यावर चीड.

ठकू

१९ डिसेंबर

ठकू,

तुझ्या आधी मी सांगितलं होतं. अर्ध्या तासाने का होईना, पण आधी. ते तुझ्या मॅडमना कळव.

झालं असं. तुझं नऊ तारखेचं पत्र बारा तारखेला आलं. माझं पत्र तुझ्याकडे जात होतं आणि तुझं माझ्याकडे येत होतं, वाटेत एकमेकींना ओळखसुद्धा दिली नसेल. वाचलं. रात्रभर काही केलं नाही. सकाळी बाटली पिशवीत टाकली, वही टाकली आणि डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन बसले. आतून बोलावलं तेव्हा दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "बोटं माझी नाहीत."

बाईंना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. मग समजलं तशा त्या माझ्यावर बोलल्या नाहीत, उठून धावल्या. जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरल्या. मी मागून पोचेपर्यंत धाकटीला पाय वर करून झोपवलं होतं आणि सलाइन चढत होती. त्यांच्या कपाटात एक सीलबंद पाकीट असतं, कुणाच्या जिवावर बेतलं तरच फोडायचं. ते फोडलं. पहिली बाटली औषधाचीच होती. मी तुला लिहून दिलं होतं, आठव.

संध्याकाळी बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "आजी, असं का केलंत?"

"तुम्ही तिला नाही म्हणालात म्हणून."

"मी का नाही म्हणाले ते आता पाहिलंत ना?"

"पाहिलं. पण तुम्ही नाही म्हणालात आणि पुढे काय करायचं ते सांगितलं नाहीत. मटाराकडे परत जा, एवढंच राहिलं होतं."

त्या म्हणाल्या, ते माझं चुकलं. मोठी बाई आहे. मला वाटलं होतं झटकेल.

मी म्हटलं, "वहीत खोटं काही नाही. औषध जिच्या पोटात, तिच्याच बोटांची नोंद केली. मग बिघडलं काय?"

त्या म्हणाल्या, "वहीच्या पहिल्या पानावर वय तुमचं, वजन तुमचं, दाब तुमचा. आतली बोटं तिची. हे मी कुठे लावू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मापं माझी आणि कोट धाकटीचा. असा कोट शिवला असता तर मास्तरांनी माझ्या तोंडावर फेकला असता. एवढी वर्षं शिंप्याकडे काढून मला हे कुणीतरी सांगावं लागलं.

धाकटी त्याच वेळी जागी झाली. मी तिला विचारलं, "चक्कर कधीपासून येते?"

"महिना झाला."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू गोळ्या बंद केल्या असत्यास."

"आणि मेली असतीस तर?"

"तर दहाही बोटांनिशी गेले असते. तुझ्यासारखं एक कमी घेऊन नाही."

बाईंनी तोंड फिरवून हसू लपवलं. मग त्यांनी मला सहज विचारलं, "धाकट्यांना गोळ्या दिल्यात, मग तुम्ही स्वतः काय घेत होता?"

धाकटीला मी वेगळं सांगितलं होतं. सांगितलं होतं की दवाखान्याने दोन बाटल्या दिल्या आहेत, एक तुझी, एक माझी, माझी मी दुकानात ठेवते. तेही खोटंच, नाही का? वर लिहिलं की खोटं शिकले नाही, ते वहीपुरतं धर.

"काही नाही," मी म्हटलं.

धाकटीने भिंतीकडे तोंड केलं. रात्रीचं जेवण आलं तरी वळली नाही.

आजी

३ जानेवारी

आजी,

मॅडमना मी कळवलं. त्या म्हणाल्या, अर्धा तास मंजूर.

एकेचाळीस क्रमांकाची वही मोजणीतून काढली. काढायचं काम माझ्याकडेच दिलं. नियम असा आहे की पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. एक तिरपी रेघ मारायची, खाली कारण आणि सही. मी कारण लिहिलं, "औषध दुसऱ्या व्यक्तीने घेतले." भरलेली पस्तीस पानं, पस्तीस वेळा. तिसाव्या पानापर्यंत हात चालला, मग मी उठून पाणी प्यायले. ते कोरे पंजे होते, आजी. तिची बोटं खरंच बरी होत होती, आणि त्यावर मी रेघ मारत होते.

नोकरी आहे. नातेवाईक आहे हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही म्हणून लेखी समज मिळाली. ती मला मिळायला हवी होती. सगळ्या दवाखान्यांना मॅडमनी पत्र पाठवलं, घरात हाच आजार आणखी कुणाला आहे का ते आधी विचारा, आणि ज्यांना घेत नाही त्यांना हात हलवत परत पाठवू नका.

धाकटी आजी घरी आली का? बोटाचं काय ठरलं? तू एका ओळीनेही कळवलं नाहीस. मी रोज टपालाच्या खोलीत डोकावते, तिथला माणूस आता मला पाहूनच मान हलवतो.

आणखी एक. या सगळ्यात मी, तुझी डॉक्टरीणबाई, मॅडम, कुणीच एक गोष्ट नीट विचारली नाही. मी पहिल्या पत्रात विचारलं होतं, तू टाळलंस आणि मी टाळू दिलं. सोबत पंज्यांचा एक कोरा कागद पाठवते आहे. त्यावर आकडा नाही. तुझी बोटं कशी आहेत, आजी?

ठकू

१६ जानेवारी

ठकू,

धाकटी नातवाला भेटायला आलेल्या पाहुणीसारखी पाय वर करून घरी बसली आहे. बोट राहिलं. कापाकापीवाले डॉक्टर म्हणाले, पेर काढायचं काम नाही, नख नीट येईल की वाकडं ते सांगता येत नाही. धाकटी म्हणाली, वाकडं आलं तरी चालेल, आमच्या घरात सगळंच तसं आहे.

डॉक्टरीणबाईंनी तिला तीन आठवडे दवाखान्यातच ठेवलं. औषध तेच, पण मुंगीच्या घासाएवढं, दर वेळी झोपवून एकदा आणि उभी करून एकदा दाब मोजून मगच पुढचं. उभं राहून चक्कर आली की बोलायचं, ही अट. न बोलणाऱ्या बाईला ती अट गोळीपेक्षा कडू लागली. कोल्ड स्टोरेजच्या साहेबाला बाईंनी स्वतः चिठ्ठी लिहिली. आता ती बाहेरच्या खोलीत बसून पिशव्यांना चिकटपट्टी लावणार. तिथे गरम हवेचा पंखा आहे. मी जाऊन हात धरून पाहिला.

पत्र लिहायला उशीर झाला, कारण पेन धरता येत नव्हतं. आता लिहिते आहे तेही मुठीत धरून. हे तुला सांगायचं नव्हतं, पण धाकटी शेजारी बसली आहे आणि म्हणते, हे लिही, नाही तर मी दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेईन.

घरी आल्यावर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तुझं पाकीट आलं. कोरे पंजे पाहून तिने ओळखलं. म्हणाली, "हातमोजे काढ."

"थंडी आहे."

"महिनाभर माझी बोटं दिव्याखाली धरून बघत होतीस. आता तुझी धर."

धरली. तिने पेन्सिल उचलली. तिला लिहिता येत नाही, तुला माहीत आहे, पण रंग भरायला अक्षर कुठे लागतं. एक एक बोट उलटसुलट करून पाहिलं, आणि दाबून दाबून भरलं. उजवी पाचही काळी. डाव्या हाताची तीन काळी, अंगठ्याला रेघा. शेवटी डाव्या करंगळीपाशी आली आणि थांबली. खालची पेरं काळी केली. वरचं टोक तसंच सोडलं, मग जाऊन माझी काजाची कात्री आणली आणि कागदातून तेवढं टोक कापून टाकलं. म्हणाली, "ठकूला पुन्हा प्रश्न नको पडायला."

सोमवारी मी बाईंकडे जाते आहे. मला चिठ्ठीवर माझं स्वतःचं औषध मिळणार, वही नाही, पाकीट नाही, पीठ नाही. धाकटी बरोबर येणार आहे. गोळी माझ्या तोंडात टाकून जीभ उचलायला लावणार, असं ती जिन्यात सगळ्यांना सांगत सुटली आहे.

कागद सोबत आहे. औषध सुरू व्हायच्या आधीचा आहे, म्हणजे सगळ्यात वाईट दिवसाचा. कुठल्याही वहीत लावू नकोस, त्याच्यावर रेघ मारू नकोस. मापं माझी आणि बोटंही माझीच. नऊ आणि थोडं. मोजून घे.

आजी